जड ट्रेलर, जुना पिकअप आणि लाल ऑइल

'कमिन्स' हे नाव पुणेकरांना नवं नाही. किर्लोस्करांच्या जोडीने ही कंपनी १९६२ साली पुण्यात आली. तिचं ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन पुढे जमशेदपूरला टाटांच्या ट्रकांसाठी बनू लागलं. त्याच घराण्याचं इंजिन अमेरिकेत १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये बसू लागलं. आपल्याकडे त्याने सोळा टनी ट्रक ओढले. तिकडे त्याच्यामागे घोड्यांची गाडी, बोट, गवताचे भारे, नाहीतर चाकांवरचं अख्खं घर जोडलं गेलं.

हे इंजिन लाखो किलोमीटर मागे टाकतं आणि तरी कुरकुरत नाही. हात टेकतो तो त्याच्यामागचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी, घोडेवाल्यांनी आणि गल्लीतल्या मिस्त्रींनी गेली तीस वर्षं या दुखण्यावर उपाय शोधले. त्यांच्या अनुभवाचं सार एका ओळीत सांगता येतं: गिअरबॉक्सला भार मारत नाही, घसरण मारते. घसरण झाली की उष्णता वाढते आणि उष्णतेने पुढचं सगळं बिघडतं. खालच्या साऱ्या गोष्टी या एकाच सूत्रात ओवलेल्या आहेत.

१. कंपनीनेच घातला लगाम

१९९६ ते ९८ च्या डॉज पिकअपचे आकडे बघा. हाताने गिअर टाकायच्या गाडीत हे इंजिन २१५ अश्वशक्ती द्यायचं. ऑटोमॅटिक घेतली की तेच इंजिन १८० वर यायचं. टॉर्कही सुमारे ५९७ न्यूटन-मीटरवरून ५६९ वर. इंजिन तेच, गाडी तीच, फक्त डिझेलचा पुरवठा आवळलेला. गिअरबॉक्सची सहनशक्ती कंपनीला ठाऊक होती. पुढे मालकांनी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं आणि गिअरबॉक्सची राखरांगोळी झाली. यातून निघालेला पहिला नियम: आधी गिअरबॉक्स भक्कम करा, मग इंजिनाला हात लावा.

२. नावातच कुंडली

या गिअरबॉक्सचं नाव ४७-आरएच, नंतर ४७-आरई. पहिला आकडा गिअरांचा, म्हणजे चार. दुसरा ताकदीच्या दर्जाचा. 'आर' म्हणजे मागची चाकं फिरवणारा. 'एच' म्हणजे निव्वळ ऑइलच्या दाबावर चालणारा आणि 'ई' म्हणजे इलेक्ट्रॉनिक. त्याचा आजोबा म्हणजे डॉजची तेव्हाची मालक कंपनी क्रायस्लर हिचा १९६२ चा टॉर्कफ्लाइट ७२७. तो घडला जास्त फेऱ्यांवर ताकद देणाऱ्या पेट्रोलच्या व्ही-८ इंजिनांसाठी. डिझेल मात्र आपला सगळा जोर मिनिटाला १,६०० फेऱ्यांच्या आसपासच देऊन मोकळं होतं. गिअरबॉक्समधला ऑइल पंप इंजिनाबरोबरच फिरतो. म्हणजे जोर सर्वांत जास्त असतो त्याच वेळी पंप हळू चाललेला असतो. दुखण्याचं मूळ इथे आहे.

३. जहाजातून उतरलेलं यंत्र

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्याची कल्पना जर्मन अभियंता हेर्मान फ्योटिंगर यांची, पेटंट १९०५ चं, आणि तेही जहाजांसाठी. दोन पंखे समोरासमोर ठेवल्यासारखी रचना. एक फिरला की ऑइलच्या झोताने दुसरा फिरतो आणि मधलं तिसरं चक्र झोत वळवून जोर वाढवतं. जागेवरून सुटताना टॉर्क जवळजवळ दुप्पट होतो. पहिल्या गिअरचं प्रमाण २.४५. म्हणजे ५६९ चे दुप्पट, गुणिले २.४५: गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला सुमारे २,८०० न्यूटन-मीटर! ट्रेलरसकट गाडी हलते ती या गुणाकारामुळे.

४. पोटात साडेपाच गीझर

पण हा गुणाकार फुकट मिळत नाही. चढावर इंजिन १५० अश्वशक्ती देतंय आणि कन्व्हर्टरच्या घसरणीत त्यातला दहावा हिस्सा वाया जातोय, असं धरा. पंधरा अश्वशक्ती म्हणजे ११ किलोवॉट. घरातले दोन किलोवॉटचे साडेपाच गीझर एकाच वेळी चालू, आणि तापतंय ते गिअरबॉक्सचं ऑइल. ते एकूण भरतं तेरा-पंधरा लिटर. घाट वीस मिनिटांचा असेल तर पुढे काय होणार ते सांगायला नको.

५. १९४९ ची युक्ती

यावर तोड निघाली ती पॅकार्ड या मोटार कंपनीच्या अल्ट्रामॅटिकमध्ये, १९४९ साली. कन्व्हर्टरच्या आतच एक क्लच बसवायचा आणि वेग आला की दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकायचे. जखडलं की घसरण थांबते, उष्णता थांबते. याला लॉकअप म्हणतात. गंमत म्हणजे १९८९ च्या पहिल्या डॉज-कमिन्समधल्या ऑटोमॅटिकला लॉकअपच नव्हता! पुढे आला, पण एका प्लेटचा. आज ओढकाम करणारे जाणकार तीन प्लेटांचा कन्व्हर्टर बसवतात. घर्षणाचं क्षेत्र वाढतं आणि चढावर पूर्ण भार आला तरी पकड सुटत नाही. सगळ्या बदलांत ओढणाऱ्याला सर्वांत जास्त फायदा होतो तो याच बदलाचा.

६. चोर अल्टरनेटर

सपाट रस्ता, एकसारखा वेग, तरी लॉकअप लागतो, सुटतो, पुन्हा लागतो. पाय पेडलवर स्थिर आणि गाडी मात्र आचके देतेय. मालक म्हणतो, कन्व्हर्टर गेला. कित्येकदा दोषी निघतो गाडीची वीज बनवणारा अल्टरनेटर! त्यातला डायोड खराब झाला की विजेत खरखर शिरते, थ्रॉटलच्या सेन्सरचा संदेश गढूळ होतो आणि कॉम्प्युटर फसतो. गिअरबॉक्स उतरवण्याआधी मीटर लावून अल्टरनेटर तपासावा. दहा मिनिटांच्या कामाने मोठा खर्च वाचतो.

७. क्लच कागदाचा!

गिअरबॉक्समधली एक क्लच प्लेट हातात घ्या. तळहाताएवढी पोलादी चकती, कडेला दात, जाडी जेमतेम दोन मिलिमीटर. तिच्या दोन्ही अंगांना तपकिरी, किंचित खरबरीत अस्तर. नखाने हलकेच ओरखडा काढला तर जाड पुठ्ठ्यासारखं वाटतं. कारण ते आहेच कागदाच्या जातीचं: तंतूंचा लगदा, राळेत भिजवून भाजलेला आणि चकतीवर डिंकवलेला. छिद्राळ असल्याने ते ऑइल पितं आणि दाब आला की सोडतं. हजारो किलोंचा ट्रेलर अशा काही कागदी चकत्यांच्या भरवशावर घाट चढतो. ऑइल पोचलं आणि दाब पुरला तर हा कागद वर्षानुवर्षं टिकतो. चकती घसरू लागली की काही मिनिटांत जळतो. म्हणून बळकटीच्या कामात चकत्यांची संख्या वाढवतात आणि अस्तर अधिक उष्णता सोसणारं निवडतात.

८. मऊ गिअर म्हणजे झिजलेला गिअर

कारखाना गिअर असा बदलतो की कळूसुद्धा नये. त्यासाठी जुनी पकड सुटत असताना नवी पकड हळूहळू बसते. त्या मधल्या क्षणात दोन्हीकडे घसरण होते. रिकाम्या गाडीला हे चालून जातं, ट्रेलर लावला की महागात पडतं. म्हणून मिस्त्री व्हॉल्व्ह बॉडी उघडतात. हा ऑइलच्या वाटांचा भुलभुलैया. त्यातल्या स्प्रिंगा बदलतात, प्लेटची भोकं मोठी करतात, दाब वाढवतात. मग गिअर ठाम पडतो, गाडीला हलकासा धक्का जाणवतो. तो धक्का दुखण्याचा नसतो, तब्येत सुधारल्याचा असतो. मर्यादा मात्र पाळावी लागते. दाब अतोनात चढवला तर सील फाटतात आणि धातूचे भाग तडकतात.

४७-आरईमध्ये आणखी एक नाजूक जागा आहे: गव्हर्नर दाबाचा छोटा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आणि त्याचा सेन्सर. गिअर अवेळी पडू लागले तर मोठ्या खर्चाचा आकडा ऐकण्याआधी ऑइल पॅन उतरवून ही जोडी तपासून घ्यावी.

९. एका तारेवर जीव

जनरल मोटर्सचा ७००-आर४ हा चार गिअरांचा ऑटोमॅटिक १९८२ साली आला. त्यात इंजिनाच्या थ्रॉटलपासून गिअरबॉक्सपर्यंत एक बारीक केबल जाते. सायकलच्या ब्रेकला असते तशी. पेडल किती दाबलंय हे ती गिअरबॉक्सला सांगते आणि त्यानुसार ऑइलचा दाब ठरतो. ती ढिली पडली तर इंजिन पूर्ण जोरात असतानाही गिअरबॉक्सला वाटतं, काम हलकं आहे. दाब पडतो, प्लेटा घसरतात आणि नवाकोरा गिअरबॉक्ससुद्धा बघता बघता जळतो. बरेच लोक कार्ब्युरेटर बदलताना ही केबल अंदाजपंचे जोडतात आणि नंतर गिअरबॉक्सला दोष देतात. केबल मापाने जोडायला कारागिराचे चार पैसे गेले तरी द्यावेत.

१०. पार्कमध्ये ऑइल झोपतं

घाट चढून वर आलात, गिअरबॉक्स तापलाय, गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून लीव्हर 'पार्क'मध्ये टाकली. वाटतं, आता थंड होईल. पण टॉर्कफ्लाइट आणि त्याच्या वंशातल्या मूळ गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये असताना कन्व्हर्टरकडे आणि कूलरकडे ऑइल जातच नाही! ते न्यूट्रलमध्ये फिरतं. म्हणून डिपस्टिकवर ऑइलची पातळीही न्यूट्रलमध्येच बघायची असते. जाणकार चालक चाकांखाली ठोकळे लावतो, हँडब्रेक ओढतो आणि न्यूट्रलमध्ये दोन-चार मिनिटं इंजिन फिरू देतो. सुधारलेल्या व्हॉल्व्ह बॉडीत पार्कमध्येही ऑइल फिरेल अशी सोय करतात. पण एक पैसा खर्च न करता गिअरबॉक्सचं आयुष्य वाढवणारी न्यूट्रलइतकी सोपी युक्ती दुसरी नाही.

११. देवमाशाचं देणं

गिअरबॉक्सचं ऑइल लाल असतं ते गळती ओळखता यावी म्हणून. जमिनीवर काळा डाग पडला तर इंजिनचा, लाल पडला तर गिअरचा. पण या ऑइलचा इतिहास त्याहून रंगीत आहे. प्लेटांची पकड गुळगुळीत व्हावी म्हणून त्यात एके काळी स्पर्म व्हेलचं तेल मिसळत. १९७० साली अमेरिकेने हा देवमासा संकटग्रस्त जाहीर केला, १९७३ चा कायदा आला आणि ऑइल बनवणाऱ्यांना प्रयोगशाळेत पर्याय शोधावे लागले. होहोबाच्या बियांचं तेलही त्यांनी आजमावून पाहिलं. आजचं कृत्रिम ऑइल त्या शोधाचं फळ. ते जुन्यापेक्षा जास्त उष्णता सोसतं आणि देवमासाही समुद्रात सुखी राहतो.

१२. पांढऱ्या कागदावरची परीक्षा

डिपस्टिक काढा आणि दोन थेंब पांढऱ्या टिशूवर टिपून घ्या. थेंब पसरू द्या. स्वच्छ लाल कडा आणि हलका वास आला तर सगळं ठीक. तपकिरी डाग आणि करपलेल्या पावासारखा वास आला तर प्लेटा जळतायत. मध्ये काळी भुकटी राहिली तर अस्तर झडतंय. चमचमती धूळ दिसली तर धातू झिजतोय. आणि थेंब गुलाबी, दुधाळ दिसला, अगदी स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा, तर गाडी तिथेच थांबवा. रेडिएटरमधला ऑइलचा कूलर फुटून पाणी आणि कूलंट आत शिरलंय. त्याने प्लेटांचा डिंक सुटतो, अस्तर गळून पडतं. जुन्या गाडीत रेडिएटर वेळेवर बदलणं हासुद्धा गिअरबॉक्स वाचवण्याचाच उपाय आहे.

१३. अकरा अंशांचा हिशेब

वर्कशॉपमध्ये एक ठोकताळा चालतो. ऑइल ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर आयुष्य पूर्ण. त्यापुढे दर ११ अंशांना ते निम्मं होतं. ९० च्या पुढे अर्धं, १०० च्या पुढे पाव, ११२ च्या पुढे दोन आणे. आणखी वर गेलं तर सील कडक होतात आणि ऑइलचा चिकट थर आतल्या वाटांवर बसतो. म्हणून तापमानाचा गेज ही चैन नव्हे. तो कुठे लावायचा, यालाही महत्त्व आहे. पॅनमध्ये लावला तर सरासरी कळते. कन्व्हर्टरमधून बाहेर येणाऱ्या नळीवर लावला तर चढावरचा खरा चटका त्याच क्षणी दिसतो.

१४. मोठा पॅन आणि मोठा कूलर

खोलगट ॲल्युमिनियमचा ऑइल पॅन दिसायला देखणा. त्यात काही लिटर ऑइल जादा मावतं. पण जादा ऑइल म्हणजे मोठं पातेलं: उकळायला वेळ लागतो, तरी आच चालू राहिली की शेवटी उकळतंच. उष्णता बाहेर फेकतो तो कूलर. थरांवर थर रचलेला, वाऱ्यात नीट बसवलेला आणि शक्यतो स्वतःचा पंखा असलेला कूलर घ्यावा. थंडीच्या प्रदेशात थर्मोस्टॅटही हवा, कारण गारठलेलं ऑइलही नीट काम करत नाही. दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. नवा गिअरबॉक्स बसवताना जुना कूलर धुतला नाही, तर त्यात अडकलेला कचरा नव्या गिअरबॉक्सचा घास घेतो. आणि डॉजच्या कूलर-नळीत ऑइल मागे वाहू नये म्हणून एक छोटी झडप असते. कचऱ्याने ती तुंबली की कूलर असून नसल्यासारखा.

१५. स्क्रूच्या फेऱ्या

प्लेटांखेरीज काही गिअरांत पोलादी पट्टा ड्रमला आवळून धरतो. त्याला बँड म्हणतात. पट्ट्याचं अस्तर झिजलं की पकड ढिली पडते. टॉर्कफ्लाइटच्या वंशात पुढच्या बँडचा स्क्रू बाहेरूनच लागतो. तो ७२ इंच-पाउंडांवर, म्हणजे साधारण ८ न्यूटन-मीटरवर आवळायचा आणि मग मॅन्युअलमध्ये सांगितल्या तेवढ्या फेऱ्या उलट सोडायच्या. पान्याने फिरवताना हाताला आधी सैलपणा जाणवतो आणि मग पट्टा ड्रमला टेकल्याचा ठाम अटकाव. मागच्या बँडसाठी मात्र पॅन उतरवावा लागतो.

एक इशारा मनापासून: मागचा ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे चौथ्या गिअरचा, भाग घरी उघडू नका. त्यात साडेतीनशे किलोंहून अधिक जोराने दबलेली स्प्रिंग बसलेली असते. योग्य प्रेसशिवाय ती सोडणं जिवावर बेततं.

१६. फेरारीपासून हम्वीपर्यंत

जनरल मोटर्सचा टर्बो ४०० आला १९६४ साली, तीन गिअरांचा. मळलेल्या पिकअपमध्ये जो गिअरबॉक्स सापडतो, त्याच कुळातला रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडोमध्ये, जॅग्वारमध्ये, १९७६ च्या फेरारी ४०० ऑटोमॅटिकमध्ये आणि अमेरिकन लष्कराच्या हम्वीमध्येही बसला. ताकदीला तोटा नाही, पण मूळ पिकअपमधल्या टर्बो ४०० ला लॉकअप नाही आणि ओव्हरड्राइव्हही नाही. मग हौशी मालक मागे वेगळा ओव्हरड्राइव्ह जोडतात. प्रत्येक गिअरला अर्धी पायरी मिळते आणि तिनाचे सहा गिअर होतात. चढावर नेमकी पायरी सापडली की इंजिन आणि गिअरबॉक्स दोघंही सुटकेचा श्वास घेतात.

१७. अठरा किलोमीटरांची अग्निपरीक्षा

ॲरिझोनात डेव्हिस डॅमपाशी एक चढ आहे. सुमारे १८ किलोमीटर लांब, चढाई नऊशे मीटरच्या आसपास, वाळवंटातलं ऊन. ट्रेलर ओढण्याची क्षमता ठरवण्याचं अमेरिकेतलं आजचं मानक याच चढाभोवती बेतलं आहे. बाहेर किमान ३८ अंश, एसी पूर्ण चालू आणि मागे पूर्ण भार. हे मानक २००८ चं. त्याआधी प्रत्येक कंपनी आपल्या मापाने आकडा छापायची. म्हणून १९९० च्या दशकातल्या माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा आजच्या गाडीच्या आकड्याशी ताडून बघू नये. जुन्या गाडीवर त्या आकड्याच्या बराच खाली भार ठेवणं शहाणपणाचं.

मग खर्च कोणत्या क्रमाने करायचा?

आधी गेज आणि कूलर. मग ताजं ऑइल, बँडची आवळणी आणि केबलचं माप. त्यानंतर व्हॉल्व्ह बॉडी आणि तीन प्लेटांचा कन्व्हर्टर. गिअरबॉक्स उघडावाच लागला तर त्याच वेळी जादा आणि चांगल्या प्लेटा. गिअरबॉक्समध्ये जोर वाहून नेणारा, अखंड पोलादातून घडवलेला शाफ्ट सर्वांत शेवटी, आणि तोही इंजिनाची ताकद वाढवली असेल तरच. पुष्कळ जण ही यादी उलटीकडून सुरू करतात आणि चकाकणारा शाफ्ट तापलेल्या ऑइलमध्ये बुडवून ठेवतात.

चालवण्याची शिस्तही विसरू नका. भार असेल तर ओव्हरड्राइव्ह बंद करून तिसऱ्या गिअरमध्ये चाला, लॉकअप लागू द्या आणि गेज १०० कडे सरकू लागला की वेग उतरवा. पुढच्या वेळी ट्रेलर जोडण्याआधी डिपस्टिक ओढून दोन थेंब पांढऱ्या कागदावर घ्या. लाल दिसले तर निघा. तपकिरी दिसले तर त्या दिवशी ट्रेलर घरीच राहू द्या.